दर ठरवण्यापासून साइट लाइव्ह होईपर्यंत

प्रिय मित्रा,

नोकरी सोडून वेब डिझाइनमध्ये उतरायचं तुझं पक्कं झालंय, तर काही गोष्टी आत्ताच सांगतो. राजीनाम्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ आणि नेमणुकीचा करार पुन्हा वाच. कंपनीच्या लॅपटॉपवर केलेलं काम कंपनीचं, असं कलम त्यात असू शकतं. पोर्टफोलिओ स्वतःच्या मशीनवरच बनव.

दर काढताना पगाराला ऑफिसच्या तासांनी भागू नकोस, तिथेच फसगत होते. वर्षाचे 52 आठवडे. सुट्ट्या आणि आजारपणाचे 6 वजा केले की उरले 46. पाच दिवसांच्या हिशेबाने 230 दिवस. पण कोटेशन, फोन, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा यांत अर्धा दिवस जातो, म्हणून रोजचे 4 तासच बिलात लागतील असं धर. झाले 920 तास. तुला हवी असलेली वर्षाची रक्कम, त्यात कर, विमा, सॉफ्टवेअर आणि नवा लॅपटॉप मिळव, मग 920 ने भाग. आकडा मोठा वाटेल, पण खरा तोच आहे.

पैसे टप्प्यांत घे: निम्मे आगाऊ, पाव डिझाइन मंजूर झाल्यावर, उरलेले साइट लाइव्ह करायच्या आधी. कामं डिझाइनमुळे क्वचितच रखडतात, रखडतात ती ग्राहकाकडून मजकूर आणि फोटो न आल्यामुळे. म्हणून मजकुराची तारीख करारात घाल, आणि ती टळली तर दुसरा हप्ता तरीही देय होईल असं स्पष्ट लिही. बदलांच्या फेऱ्या दोन, पुढच्या तासाच्या दराने. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र नेहमी ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच खात्यात हवं.

सगळ्यात जपायचा तो साइट नव्या सर्व्हरवर हलवण्याचा दिवस. नवशिके नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) बदलून मोकळे होतात आणि ग्राहकाचे ईमेल बंद पडतात, कारण जुन्या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतल्या, एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) नव्या जागी घेतलेल्याच नसतात. आधी सगळ्या नोंदींची यादी उतरवून घे, मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकिमच्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदींसकट. नेमसर्व्हर तसेच राहू देऊन फक्त ए नोंद (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी) बदलता आली तर उत्तमच. तिचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ जपून ठेवतात तो अवधी, आदल्या दिवशी 300 सेकंदांवर आण, म्हणजे चूक झाली तरी परत फिरणं मिनिटांचं काम राहतं. शुक्रवारी संध्याकाळी हा उद्योग करूच नकोस.

लाइव्ह झाल्यावर वर्डप्रेसमधली (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधली) सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण काढलीस ना, ते बघ. बनवताना लावलेली ती तशीच राहिली तर साइट गूगलवर येत नाही. जुन्या पानांच्या पत्त्यांना 301 रीडायरेक्ट दे, म्हणजे तिथे येणारा आपोआप नव्या पत्त्यावर जाईल. संपर्काचा फॉर्म स्वतः भर आणि मेल ग्राहकाच्या इनबॉक्समध्ये पोचला की नाही, हे त्यालाच विचार.

पहिला करार पाठवायच्या आधी मला दाखव. त्याच रात्री वाचून देतो.

तुझाच,
मित्र