चेन लावणं हे एका ओळीचं काम नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हाताने विणायच्या चेनवाल्या जाकिटाची कृती आली होती, ती मी दोनदा वाचली, आत्याबाईंनाही (म्हणजे माझ्या सासूबाई) वाचून दाखवली आणि शेवटचं वाक्य आलं तशा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. पुढच्या बाजूला चेन लावून घ्यावी म्हणे. झालं, कृती संपली. अहो तीन आठवडे खपून विणलेलं जाकीट ह्या एका वाक्यातच बिघडतंय की! म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझं स्वतःचं सांगते. आमचे मामंजी पहाटे म्हशीचं दूध घेऊन डेअरीला जातात आणि तिथनंच मसुराच्या शेताकडे एक चक्कर मारून येतात. बेळगावला जुने लोक गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते उगीच नाही, डिसेंबर-जानेवारीत आमच्या कंग्राळीत नदीकडनं असं धुकं येतं की समोरची सायकल दिसत नाही. मामंजी घोंगडं पांघरून जायचे, खरं घोंगडं एका हाताने धरावं लागतं आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली, म्हणून म्हटलं बिनबाह्यांचं जाकीट विणावं, हात मोकळे राहतील आणि उन्हं वर आली की चेन खाली ओढली की झालं.

लोकर आणायला सिटी बसने बाजारात गेले. २०२३ च्या जूनमध्ये कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली, तेव्हापासून आमचं एक बरं झालंय, विसरलेल्या एका गुंड्यासाठी परत जायला काही वाटत नाही. तरी मी तीच चूक केली, दोन गुंडे कमी पडले ते पंधरा दिवसांनी आणले आणि कागदावरचा लॉट नंबर (म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) बघितला नाही. दुकानात राखाडी तो राखाडीच दिसला, अंगणात उन्हात धरला तर एक पट्टा हिरवट. तो भाग उसवून पाठीकडे वरती घेतला.

आता तुमच्या कृतीत १२० टाके घाला असं लिहिलंय. कुठल्या सुईवर? कसल्या लोकरीचे? लोकर, सुया आणि विणणारीचा हात, तिन्हीवर हिशोब बदलतो. माझ्या मधल्या जाडीच्या लोकरीवर ८ नंबरच्या सुईने ४ इंचात २२ टाके आणि ३० ओळी बसल्या, म्हणजे इंचाला साडेपाच टाके. मामंजींची छाती ३८, आत शर्ट असतो म्हणून ४ इंच ढिलाई, ४२ इंचाचे झाले २३१ टाके, एक टाका सोडून मी पाठीला ११६ आणि पुढच्या दोन भागांना ५७-५७ घेतले. हेच जाड लोकरीवर इंचाला ४ टाके बसले असते तर तुमच्या १२० टाक्यांची नुसती पाठच ३० इंच झाली असती, त्यात मामंजी आणि त्यांची म्हैस दोघंही मावली असती. आधी एक चौकोनी तुकडा विणून मोजा, एवढं तरी छापायला हवं होतं. आणि निट-पर्ल कशाला लिहिता हो, सुलट-उलट हे काय वाईट शब्द आहेत? आमच्या गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या अक्कासुद्धा आत्याबाईंकडे शिकताना सुलट-उलटच म्हणतात.

असो, चेनकडे येते. मी चेन आधीच आणून ठेवली होती, २४ इंची, पितळी दातांची, मला ती भारी दिसली म्हणून. विणून झाल्यावर जाकिटाची पुढची कड भरली २२ इंच. म्हटलं लोकर आहे, ताणेल. ताणून ताणून टाचण्या लावल्या आणि एका टेलरकडे दिलं, त्यांनी पाच मिनिटांत मशीनवर मारून दिलं. मशीनचे खालचे दात कापड ओढतात आणि वरचा पाय ते दाबून धरतो, त्यात विणलेलं कापड अजूनच ताणलं गेलं. घरी आणून घातलं तर लोकर परत आखडली आणि चेन मात्र होती तेवढीच, तिला जाणार कुठं, ती पोटावर साप चालल्यासारखी वर-खाली वर-खाली. मामंजींनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "पोरी, पार छातीवरनं मार्कंडेय नदी काढलीस की गं!" घरभर हसणं. मला मात्र रडूच यायचं बाकी होतं.

मग आत्याबाईंनी सगळी शिलाई उसवली, ब्लेडने नाही, सुईच्या टोकाने एकेक दोरा उचलून, आणि परत कसं करायचं ते दाखवलं. पुढचे भाग कोमट पाण्यात बुडवले, पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, आणि सावलीत चादरीवर सपाट पसरून मापाला टाचण्या लावून ठेवायचे. वाळल्यावर, तेही पसरलेलंच असताना, मोजायचं. हातात लोंबकळत धरून मोजलं की माप खोटं येतं. त्या मापाची चेन मग बाजारातनं आणायची. पितळी नको, वजनाने कड खाली ओढली जाते, प्लास्टिकच्या दातांची हलकी घ्यायची, आणि खालून पूर्ण सुटणारी. थोडी लांब मिळाली तर वरनं कमी करता येते, खालनं कधीच नाही, कारण खाली ती टोक अडकवायची डबी असते.

कड विणतानाच शेवटचे तीन टाके दोन्ही बाजूंनी सुलट विणायचे म्हणजे ती आत गुंडाळत नाही, आणि दर २० ओळींना दोन्ही कडांना रंगीत दोरा बांधून ठेवायचा. चेन लावताना डावा दोरा उजव्या दोऱ्यासमोर आला पाहिजे, नाहीतर एक खिसा वर आणि एक खाली.

चेन बंद ठेवूनच खाली ठेवायची, दोन्ही कडा तिच्यावर आणून भिडवायच्या, दात आणि लोकर यांच्यात गव्हाच्या दाण्याएवढी जागा सोडायची म्हणजे ओढताना लोकर अडकत नाही. टाचण्या, मग लाल दोऱ्याने कच्ची टीप. इथे घालून बघायचं, एकदा तरी बसून बघायचं, कारण उभं राहिल्यावर सरळ दिसणारी चेन बसल्यावर पोटाशी फुगते. सगळं ठीक वाटलं तरच चेन उघडून लोकरीच्या रंगाच्या साध्या शिवणदोऱ्याने हातानेच उलट टीप, बारीक, लोकर न ओढता, आणि आतनं चेनच्या कापडी पट्टीची मोकळी कड हेमने पकडायची. वरची टोकं आत दुमडायची, नाहीतर गळ्याला टोचतात. मला ह्यालाच दोन दुपारी लागल्या. आत्याबाई म्हणाल्या एक दुपार पुरे, खरं त्यांचा हात वेगळा.

तर साहेब, पुढच्या रविवारी सुईचा नंबर, इंचाला किती टाके आणि चेनचा हा भाग एवढं तरी छापा, जागा कमी असेल तर भविष्य थोडं बारीक अक्षरात घ्या. आत्याबाईंच्या ट्रंकेत जुन्या पुरवण्यांची कात्रणं आहेत, त्यात बारीक माप लिहिलेलं असायचं, त्यावर त्यांनी आमच्या ह्यांचे लहानपणचे सगळे स्वेटर विणले.

मामंजींचं जाकीट आता एकदम सरळ बसतं. फक्त थंडीत बोटं आखडतात म्हणून त्यांना ते खालचं टोक डबीत घालता येत नाही, तर ते चेन गळ्यापर्यंत लावूनच ठेवतात आणि जाकीट डोक्यातनं घालतात.

आपली एक वाचक,
कंग्राळी बुद्रुक, ता. बेळगाव