उन्हाळ्यात पक्ष्यांना पाणी ठेवायच्या १२० परळांसाठी (मातीच्या पसरट भांड्यांसाठी) सोलापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आधी आमची ओळख. रविवारी सकाळी संभाजी तलावाच्या बाजूला पाच-सात जण मोबाइल समोर धरून, झाडाच्या बुंध्याशी वाकून, दगडामागे हात घालून काहीतरी शोधताना तुम्हाला दिसले असतील, तर ते आम्हीच. मागच्या वर्षी एका आजोबांनी आम्हाला गाठलं. "काय हुडकायलाव बे? पैसे पडले का?" डबा हुडकतोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी ठेवलाय?" आम्हीच, म्हटलं. आजोबा काही न बोलता पुढे गेले. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही गेलो असतो.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, आणि आमचा क्लब याच खेळाचा. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी ते आकडे धरून तिथवर पोहोचायचं आणि डब्यातल्या वहीत नाव-तारीख लिहून डबा होता तसा ठेवायचा. खेळ जुना नाही. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक घालून ठेवली होती, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यात झाडीत एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले आणि खेळ सुरू झाला. आम्ही आकडे मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहितो. अक्षांशाच्या बाबतीत तेवढा भाग म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. झाडाखाली मोबाइल पाच-दहा मीटर चुकतोच, तिथून पुढे डोळे आणि डोकं.

खरं तर ठरलेल्या ठिकाणांना फिरून भेट द्यायचं सोलापूरला नवल नाही. गड्ड्याच्या यात्रेत तैलाभिषेकाच्या दिवशी सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते. नकाशा नाही, मोबाइल नाही, तरी एकही ठिकाण चुकत नाही, कारण दरवर्षी तिथं जाणारी माणसं आहेत. आमच्या कामाची गोम नेमकी इथेच आहे.

झालं असं, की क्लबने खेळाबरोबर शहराच्या उपयोगाचं काहीतरी करावं म्हणून दोन वर्षांपूर्वी बैठक घेतली. कल्पना पुष्कळ आल्या. जगभरचे जिओकॅशर २००२ पासून शोधमोहिमेला निघताना कचऱ्याची पिशवी बरोबर नेतात. ते आम्ही तेव्हाच सुरू केलं आणि अजून चालू आहे. जुने आड आणि विहिरी नोंदवायच्या, पावसाळ्यात लावलेल्या रोपांचे आकडे ठेवून मार्चमध्ये ती शोधून पाणी घालायचं, शाळेतल्या मुलांना नकाशा वाचायला शिकवायचं, असंही ठरलं. रोपांच्या कामात आम्ही सपशेल आपटलो. आकडे अचूक होते, पण त्या जागी जाऊन पाहिलं तर रोपांऐवजी शेळ्या.

टिकलं ते पक्ष्यांच्या पाण्याचं काम.

मातीचा परळ झाडाला टांगणारे सोलापुरात खूप आहेत. होळीच्या सुमारास उत्साहाने परळ लागतात आणि एप्रिलच्या मध्यात कोरडे ठणठणीत होतात. ज्याने टांगला तो सुट्टीत गावाला जातो किंवा त्याची ड्युटी बदलते, आणि परळ कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला माहीतच नसतं. म्हणून आम्ही प्रत्येक परळाचे आकडे घेतले आणि त्याच झाडाला वहीचा छोटा डबा बांधला. येणाऱ्याने परळ धुवायचा, भरायचा आणि वहीत लिहायचं: तारीख, वेळ, नाव, आणि आलो तेव्हा परळ भरलेला होता, अर्धा होता की कोरडा. नेहमीचा माणूस नसला तर दुसरा कुणीही आकडे टाकून थेट त्या फांदीखाली उभा राहतो.

मागच्या उन्हाळ्यात असे ४० परळ होते. शेवटपर्यंत २७ टिकले. बाकीच्यांचं काय झालं ते लपवत नाही, कारण चुका आमच्याच होत्या. सुरुवातीचे काही परळ आम्ही दिसायला छान म्हणून मोकळ्या फांदीवर टांगले. दुपारी त्या पाण्यात बोट घालवत नव्हतं. काही ठिकाणी खोलगट प्लॅस्टिकचे टब ठेवले. त्यांच्या काठावर चिमणी बसायची, वाकायची, पाण्यापर्यंत चोच पोहोचायची नाही, की उडून जायची. मग पसरट परळ आणले आणि मध्ये एक चपटा दगड ठेवला. पहिल्याच सकाळी त्या दगडावर साळुंकी आंघोळीला उतरली आणि निम्मं पाणी सांडून गेली. होले, बुलबुल, खारी, सगळे येऊ लागले. मधमाश्याही येतात. त्यांना हाकलू नका, त्या पाण्यालाच आलेल्या असतात.

नायलॉनच्या दोरीचा धडा जरा महाग पडला. तिने फांदीची साल कापली आणि एका होल्याचा पाय तिच्या सुटलेल्या धाग्यात अडकला. तो सुटला, पण दोरी आम्ही त्याच दिवशी सगळीकडून काढली. आता फक्त सुती दोरी वापरतो. पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्या काकांनी टॉवेलचं उरलेलं सूत पोतंभर दिलं, आणि त्यांच्या घरातल्या आजींनी ते तिपेडी वळून कसं घ्यायचं ते दाखवलं. पावसात ही दोरी कुजते, पण मृगाच्या पावसानंतर आपल्याला ती लागतच नाही.

डासांचं अनेक जण विचारतात, आणि ते बरोबरच आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. आमचा परळ दर दुसऱ्या दिवशी पूर्ण रिकामा होतो आणि आतून काथ्याने घासला जातो. नुसतं वरून पाणी ओतलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. हे जमणार नसेल त्यांनी कृपया परळ घेऊ नये. राग नाही.

यंदा १२० परळ लावायचे आहेत. शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते, तेव्हा होळीपर्यंत सगळे झाडावर हवेत. परळ, शिंकं, वहीचा डबा आणि पेन्सिल मिळून एकाला १५० रुपये, म्हणजे १८,००० रुपये. सभासद वर्गणीतून ६,५०० रुपये जमलेत. ११,५०० रुपये कमी पडतात, ते आपल्याकडे मागतो आहोत. दीडशे रुपयांत एक परळ, ज्यांना जमेल त्यांनी दोन द्यावेत. त्यापेक्षा मोठी रक्कम एका घरातून आम्ही घेणार नाही, आणि परळावर कुणाचंही नाव, फोटो किंवा दुकानाची जाहिरात येणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. दर महिन्याचा हिशेब वहीत असेल आणि कुणालाही बघता येईल.

पैशांपेक्षा जास्त गरज माणसांची आहे. एका माणसाने रोजच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरचे तीनच परळ घ्यायचे. मॉर्निंग वॉकवाले, रिक्षावाले, पेपर टाकणारी मुलं, पाळीला जाणारे कामगार यांच्यासाठी हे सोपं आहे. आकडे कसे वाचायचे ते आम्ही दहा मिनिटांत शिकवतो. मागच्या वर्षी सगळ्यात नेमाने वही भरणारी व्यक्ती सातवीतली मुलगी होती. तिच्या नोंदी आम्ही बैठकीत वाचतो: "कोरडा. खार वाट बघत होती. मला बघून पळाली नाही."

पाण्याचंही बोलायला हवं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मे महिन्यात घागरीचा हिशेब चालतो, अशा वेळी पक्ष्यांसाठी पाणी मागताना आम्हालाही संकोच वाटतो. म्हणून ज्यांच्याकडे बोअर आहे अशा सोसायट्या, मंगल कार्यालयं, गॅरेजवाले यांनी दिवसाला दोन कॅन भरू द्यावेत. भाजी धुतलेलं पाणी चालेल. साबणाचं अजिबात नको. तांदूळ धुतलेलंही नको, ते उन्हात आंबतं.

वस्तूही हव्या आहेत: उरलेलं सुती सूत, घट्ट झाकणाचे छोटे पारदर्शक डबे, लहान पेन्सिली (पेनची शाई उन्हात वाळते), आणि नकाशा चालेल असे जुने मोबाइल.

डबे पारदर्शकच का, त्यालाही कारण आहे. एकदा आमचा पत्र्याचा डबा पाहून कुणीतरी बॉम्ब समजून पोलिसांना फोन केला होता. फोन करणाऱ्याने योग्यच केलं. तेव्हापासून पत्र्याचा डबा बंद. डब्यावर मराठी, कन्नड आणि तेलुगूत "पक्ष्यांच्या पाण्याची नोंदवही" असं लिहिलेलं असतं आणि जागांची यादी आधीच पोलीस ठाण्यात दिली जाते. जागामालकाची परवानगी नसेल तिथे परळ लागत नाही. भुईकोट किल्ला संरक्षित वास्तू आहे, तिथे काही बांधणार नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही नाही. तिथल्या पक्ष्यांना आमच्या वर्दळीपासून लांब ठेवणं हीच मदत. खेळाच्या जागतिक यादीतही हे परळ दिसणार नाहीत, कारण त्या यादीत समाजकार्याची आवाहनं चालत नाहीत. आपली यादी वेगळी, साधी, वहीतली.

येत्या चारही रविवारी सकाळी साडेसहा ते आठ आम्ही संभाजी तलावाजवळ भेटतो. मोबाइल समोर धरून झाडाकडे बघणारी माणसं दिसली की हाक मारा. रोख रकमेची पावती तिथेच मिळेल.

आपले,
क्लबचे सर्व सभासद, सोलापूर

ता. क. घरून परळ आणणार असाल तर बिनरंगाचा, भाजलेल्या लाल मातीचा आणा. चकचकीत रंग दिलेल्या परळातून पाणी पाझरत नाही, त्यामुळे ते गार होत नाही. आणि टांगण्याआधी एक रात्र बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर पहिला तांब्या तोच पिऊन टाकतो.