झोन बदलण्याआधी बसपर्यंतचे अंतर मोजा

माननीय नगर व ग्राम नियोजन मंत्री, गोवा सरकार, यांस,
स. न. वि. वि.

एखाद्या जमिनीचा झोन ओर्चर्डचा (बागायतीचा) बदलून सेटलमेंटचा (वस्तीचा) करायचा की नाही, हे ठरवताना एक साधा आकडा फाइलीत असलाच पाहिजे, अशी आमची मागणी आहे : तिथे राहायला येणाऱ्या माणसाला बससाठी किती चालावे लागेल?

मापदंड तयारच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ११.२.१ हा निर्देशांक, बसथांबा ५०० मीटरच्या आत किंवा रेल्वे, फेरीबोट १ किलोमीटरच्या आत असलेल्या लोकांची टक्केवारी मोजतो. घोळ होतो तो मोजण्यात. थांब्याभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायचे आणि आतली घरे मोजायची, हा सोपा मार्ग गोव्यात फसवा आहे. रायबंदरच्या फेरीधक्क्यावर कंपास ठेवून बघा, वर्तुळाचा मोठा भाग मांडवीत जातो. खाजनापलीकडचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीपलीकडचा) वाडा नकाशावर जवळ दिसतो, पण माणूस मानशीवरून (बांधातल्या पाण्याच्या दारावरून), बांधावरून फिरून येतो. महामार्गावर समोरचा थांबा डोळ्यांना दिसतो, ओलांडायला जागा मात्र मिळत नाही. म्हणून अंतर पायवाटेने आणि रस्त्यानेच मोजायला हवे, तेही पावसाळ्यात वापरता येणाऱ्या वाटेने.

शिवाय थांबा आहे म्हणजे बस आहे, असे नव्हे. सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ या वेळांत दोन्ही दिशांच्या बसगाड्या मोजाव्यात. दोन बसमध्ये अर्ध्या तासाहून जास्त खंड असेल तर तो थांबा हिशेबात धरू नये. परतीची शेवटची बस किती वाजता, हे वेगळे नोंदवावे. कामावरून उशिरा सुटणारी बाई त्या एका वेळेवरच स्कूटर घ्यायची की नाही ते ठरवते. कदंब या सरकारी परिवहन महामंडळाच्या फेऱ्यांची नोंद तिकीट यंत्रांतून काढता येईल. खासगी बससाठी थांब्यावर माणूस उभा करावा लागेल.

दुसरा आकडा ११.३.१ चा : बांधकामाखालची जमीन लोकसंख्येच्या किती पट वेगाने वाढते. समजा, एका गावात १० वर्षांत बांधलेले क्षेत्र ८० हेक्टरवरून १०४ हेक्टर झाले, म्हणजे वर्षाला ३ टक्के. लोकसंख्या ६,००० वरून ६,६०० झाली, म्हणजे वर्षाला सुमारे ०.९५ टक्के. गुणोत्तर ३ च्या वर गेले. १ च्या आसपास असते तर वाढ आटोपशीर म्हटली असती. आपल्याकडे बंद सदनिकांमुळे हा आकडा आणखी फुगतो, कारण घर बांधले जाते पण राहायला कोणी येत नाही. तेव्हा वीजमीटरवर वर्षभर नगण्य वापर असलेली घरे वेगळी दाखवावीत. नाहीतर रिकाम्या इमारतींसाठीच नवे रस्ते मंजूर होत राहतील.

मोजणी पालिकांपुरती ठेवू नका. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ७० शहरे नोंदली गेली. त्यांतली १४ पालिकांची, उरलेली ५६ पंचायतींच्या अखत्यारीतली. शहर वाढते आहे ते याच ५६ ठिकाणी.

सुरुवात तिसवाडी तालुक्यापासून करा. थांब्यांची यादी, चालण्याच्या वाटा आणि बसच्या वेळा वाडावार नकाशावर टाकून पंचायतींच्या फलकावर लावा. तोवर थांब्यापासून ५०० मीटरपलीकडच्या जमिनीचे झोनबदलाचे अर्ज रोखून धरा.

आपले,
गोव्यातील काही नगररचनाकार व वाहतूक नियोजक