बुटाच्या खोक्यातली शिदोरी

न्यू ऑर्लिन्स,
१९ ऑक्टोबर

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र आजीला मोठ्यानं वाचून दाखव. दोन-तीनदा वाचायला लावेल, पण वाच.

आजी, माझी तब्येत छान आहे. मुलाखतही बरी झाली, ते फोनवर सांगेनच. आज तुला गाडीतलं सांगायचंय.

शिकागोहून रात्री आठच्या सुमारास निघाले. शेजारी एक कृष्णवर्णीय आजी येऊन बसल्या, ब्याऐंशी वर्षांच्या. मिसिसिपी राज्यात ग्रीनवुडला बहिणीकडे निघालेल्या. खरं सांगते, मी पर्स जरा जवळ ओढून घेतली. इथं आल्या आल्या आपल्याच लोकांनी कानात भरवलं होतं, त्यांच्या वस्तीत जाऊ नको, त्यांच्याशी बोलत बसू नको. सांगणाऱ्यांपैकी एकानंही कधी त्यांच्या घरचं पाणी प्यायलेलं नव्हतं. आणि शेजारी तर तुझ्याच वयाची बाई, गुडघे चोळत बसलेली. मला माझीच फार लाज वाटली.

मी डबा उघडला तसा ठेच्याचा वास सुटला. 'कुठली मिरची गं ही?' त्यांनी विचारलं. मी पोळीचा तुकडा आणि बोटभर ठेचा दिला. डोळ्यांत पाणी आलं, तरी आणखी मागितला. मग त्यांनी मांडीवर बुटाचा एक जुना खोका घेतला. आत मेणकागदात गुंडाळलेली तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, केकच्या दोन जाड वड्या. मला म्हणाल्या, 'खा, बेबी.' तू 'माय' म्हणतेस ना, अगदी तसंच.

खोका कशासाठी, हे विचारल्यावर त्या जराशा थांबल्या. लहानपणी त्यांच्या लोकांना गाडीच्या भोजनडब्यात गोऱ्यांसोबत बसता यायचं नाही. म्हणून आया बुटाच्या खोक्यात शिदोरी बांधून द्यायच्या. दक्षिणेतला तो जाच सोडून १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख लोक उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले. त्यातल्याच या, नऊ वर्षांच्या असताना आईचा हात धरून शिकागोला आलेल्या. रात्री अडीचच्या सुमारास ओहायो नदीचा पूल आला तेव्हा त्यांनी मला हलवलं. बाहेर काळोख होता, खाली थोडंसं पाणी चमकत होतं. अलीकडचं गाव केरो. दक्षिणेकडे जाताना इथं त्यांना सामानासकट उठवून काळ्यांच्या वेगळ्या डब्यात धाडायचे. १९५३ च्या उन्हाळ्यात त्या आपल्या आजीकडे निघाल्या होत्या. झोपेतून उठून पळताना एक चप्पल मागेच राहिली, ती कुणी आणू दिली नाही. अशा गाड्यांतले वेगळे डबे जानेवारी १९५६ पासून बंद झाले. 'तरी या पुलावर मला अजून जाग येतेच,' त्या म्हणाल्या.

सकाळी उठलो तर खिडकीबाहेर कापूस! आजी, आपल्या यवतमाळसारखा, नजर पोचेल तिथवर पांढरा. पण रानात माणूस नाही. यंत्रानं वेचलेल्या कापसाचे प्लॅस्टिकात बांधलेले मोठमोठे गठ्ठे तेवढे पडलेले. मी म्हटलं, माझी आजी कापूस वेचायची. त्यांनी एकदम माझा हात धरला. सहाव्या वर्षापासून त्याही वेचायच्या. खांद्याला नऊ फुटी पिशवी, सरीतून ओढत न्यायची. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटायच्या. संध्याकाळी मालक काटा मारायचा आणि वर्षअखेर हिशेबात यांच्याकडेच बाकी निघायची.

तुम्ही कशात वेचता, त्यांनी विचारलं. तोंडानं सांगून कळेना, तेव्हा मी तिथंच उभी राहून ओढणीची ओटी बांधून दाखवली. त्यांनी ती ओटी हातानं चाचपली. 'ओढावी लागत नाही,' म्हणाल्या, 'पण कंबर?' मी म्हटलं, कंबर जाते. मग त्यांना आपल्या वऱ्हाडाचं सांगितलं. १८६१ ला इथं यादवी युद्ध पेटलं, इथला कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला, तेव्हा गिरण्यांनी आपला कापूस उचलला आणि भाव आभाळाला भिडले. त्यांनी एवढंच विचारलं, 'आणि युद्ध संपल्यावर?' इथं माझ्या कचेरीतल्या शिकलेल्या माणसांना मी हे सांगितलंय, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कापूस वेचलेल्या माणसालाच तो सुचतो. मी म्हटलं, भाव पडले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ग्रीनवुडला भाचा न्यायला आला होता. उतरताना त्यांनी खोक्याच्या झाकणाचा तुकडा फाडून त्यावर पत्ता लिहून दिला. वरचा केक माझ्या मांडीवर ठेवला.

आता तुझं काम. बोटं फाटल्यावर तुम्ही रात्री काय लावायच्या, हे त्यांनी तुला विचारायला सांगितलंय. मला काही सांगता आलं नाही. येत्या रविवारी फोनवर सांग, म्हणजे मी लगेच त्यांना पत्र टाकते.

तुझी,
चिमी