तुझ्या गोष्टीतल्या बाईला बोलू दे

बाळा,

तू पाठवलेली स्क्रिप्ट दोनदा वाचली. एकदा अंगणवाडीतून आल्या आल्या मोबाईलवर, चहा तसाच गार झाला, आणि मग रात्री तुझ्या पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवली. फोनवर कशी वाटली विचारलंस तेव्हा मी नुसतं छान म्हणाले, कारण तुझ्या मागं पोरांचा गलका चालू होता आणि मला जे बोलायचं होतं ते घाईत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, मेसमध्ये जेवता जेवता वाचू नको, निवांत बसून वाच.

आधी हे सांगते की मला लई बरं वाटलं. पुण्यात राहून, कॉलेजात एवढं काय काय शिकून तुला पहिली शॉर्टफिल्म करायची तर ऊसतोडीवर करावी वाटली, आजीवर करावी वाटली. नाव बदललंस तरी ती आपली आजीच आहे. धारूरच्या घाटातून ट्रक उतरतानाचा जो सीन लिहिलास ना, पोरं सामानावर बसलेली आणि कोंबडी पाटीखाली झाकलेली, तो ऐकून पप्पा म्हणाले ह्याला हे कुणी सांगितलं. आजीनंच सांगितलं असणार, मला माहितीय, तू लहानपणी तिच्याजवळ झोपायचास.

पण बाळा, सात पानात त्या बाईला एक वाक्य नाही. नवरा बोलतो, तोडीला टोळ्या नेणारा मुकादम बोलतो, शेताचा मालक बोलतो, कारखान्याचा चिटबॉय सुद्धा दोन वाक्यं बोलून जातो. ती तीनदा रडते, एकदा चुलीला फुंकर मारते आणि शेवटी आभाळाकडे बघते. अंगावर फाटकी साडी. हे वाचून मला कसंतरीच झालं, कारण आजी अशी नव्हती आणि आजीबरोबरच्या बायका पण अशा नव्हत्या.

तुला माहितीय का फडात, म्हणजे तोडीच्या उसात, बाई काय घालते? साडीवरून नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला फडकं. कारण उसाच्या पाचटाची कड पात्यासारखी असते, उघडा हात दिसला की कापते, आणि त्यावर घाम आला की अशी आग होते की विचारू नको. मी दोन हंगाम गेले होते तुझ्या आजीबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, आठ-नऊ वर्षांची असेन, मग माझ्या आजीनं मला शाळेसाठी गावात ठेवून घेतलं म्हणून मी शिकले. पहाटे तीनला आई उठायची, अंधारात भाकरी थापायची, मग दोघं फडात. आबा तोडायचे, ती गोळा करून मोळी बांधायची, आणि गाडी आली की तीच मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवरून वर चढायची, एक हात मोळीला आणि एक हात शिडीला. खाली मी लहान्याला घेऊन बसलेली, आणि मला फक्त तिची टाच दिसायची, भेगा पडलेली, शिडीच्या दांड्यावर अंगठा असा आवळून धरलेला. रडताना मी तिला तिथं कधी बघितलं नाही. भांडताना बघितलंय, पुष्कळदा. गाणी म्हणताना बघितलंय. मुकादमाच्या बायकोला तोंडावर बोलताना बघितलंय.

तुझ्या स्क्रिप्टमध्ये कोयता हा शब्द आहे पण फक्त हत्यार म्हणून. आपल्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता असतो हे तुला माहिती पाहिजे. एकटा माणूस गेला की अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे पैसे, एका कोयत्याची ठरते आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. म्हणजे बाई अर्धा कोयता, हे सगळ्यांना मान्य, तिच्याशिवाय उचल नाही हे मुकादमाला पण पक्कं माहिती, आणि तरी पैसे मोजताना तिचा हात पुढं नाही. एवढी एक गोष्ट तू नीट दाखवलीस तर तिला तीनदा रडवायची गरजच नाही पडणार. गरीब असणं वेगळं आणि बाई असणं वेगळं असं फडात वेगवेगळं करता येत नाही बघ, दोन्ही त्या एका शब्दात बांधलेलं आहे मोळीसारखं.

मग तुला ती रडकीच का सुचली, ह्याचा मी दोन दिवस विचार केला. मला वाटतं तुझी चूक नाही, आपण सगळ्यांनी तेच बघितलंय. 1991 ला माहेरची साडी आला तेव्हा आमच्या गावातून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून टॉकीजला गेल्या, मी पण गेले आईच्या मांडीवर, आणि अख्खी टॉकीज रडत होती. मी त्या रडण्याला नावं ठेवणार नाही. त्या बायकांना घरी रडायला जागा नव्हती, अंधारात ती मिळाली. पण त्यातून एक साचा बसला, की चांगली बाई म्हणजे सोसणारी, आणि जी जास्त सोसते ती जास्त चांगली. आता रोज संध्याकाळी सिरीयल लागते तिथं पण तेच, फक्त किचन मोठं झालं आणि दागिने वाढले. त्या घरात स्वयंपाक सून करते पण भांडी कोण घासतं ते दिसत नाही, मावशी म्हणून एक बाई मागून ट्रे घेऊन येते आणि जाते, तिला नाव पण नसतं. मी आता कुठलीही गोष्ट बघताना एवढंच बघते, पाणी कोण उठून देतं आणि ते देणारीला नाव आहे का. तू पण बघ. एकदा सवय लागली की सुटत नाही.

सैराट तू आणि मी शेजारी बसून बघितला होता 2016 ला, आठवतंय का, तू शिट्टी मारलीस आर्ची बुलेटवर आली तेव्हा. मला पण लई आवडली ती पोरगी, ट्रॅक्टर चालवते, पोरांना दमात घेते. पण घरी येताना माझ्या डोक्यात एकच चालू होतं की ती बुलेट कुणाची. पाटलाची. ती एवढी बिनधास्त आहे त्यात तिचा स्वभाव आहेच पण बापाचं नाव पण आहे ना. पारश्याच्या घरातली बाई त्याच गावात तशी बुलेटवर बसू शकली असती का? आणि मग हैदराबादला गेल्यावर बापाचं नाव गळून पडतं, झोपडपट्टीत राहायचं, कामाला जायचं, तिथं तिला भात-भाजीपासून सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. मला तो भाग जास्त खरा वाटला. सगळे गाण्यांचं बोलतात, मी त्या खोलीचं बोलते. नागराज मंजुळेंनी बाई आणि जात आणि पैसा तिन्ही एकाच घरात आणून ठेवलं आणि कुठं भाषण नाही केलं. तुला शिकायचं तर ते शिक.

आणि वाचायचं म्हणशील तर पाचोळा वाच, मी तुला मागं पण म्हणाले होते. रा. रं. बोराडे आपल्याच मराठवाड्याचे, लातूरकडचे, ती कादंबरी 1971 ची आहे. गावातल्या शिंप्याच्या घराची गोष्ट, पण शिंपी सांगत नाही, त्याची बायको पार्वती सांगते, आपल्या बोलीत, जशी आपल्या दारात बसून बाई सांगेल तशी. मी ती वाचनालयातून आणली होती तू पोटात होतास तेव्हा, आणि मला आठवतंय मी पुस्तक बंद करून तशीच बसून राहिले होते की असं पण लिहितात? आमच्यासारखं बोललेलं पण छापतात? तोपर्यंत मला वाटायचं पुस्तकातली बाई पुण्या-मुंबईचं शुद्ध बोलते आणि आपलं बोलणं फक्त कुणाला हसवायचं असलं की सिनेमात घेतात. आता बघ, लिहिणारा पुरुष आहे, तुझ्यासारखाच, पण त्यानं तिच्या डोळ्यांनी घर बघितलं. म्हणजे होतं की नाही? पुरुषाला बाईचं लिहिता येत नाही असं नाहीये, ऐकावं लागतं फक्त.

ऐकायला तर आपल्याकडं केवढं आहे. गंगाखेड आपल्यापासून किती लांब आहे सांग, जनाबाई तिथली. नामदेवांच्या घरची दासी, म्हणजे आजच्या भाषेत घरकामाला असलेली बाई. ती लिहिते दळता कांडता, शेण्या वेचता वेचता, आणि देवाला पूजेला नाही बोलवत, जात्याला हात लावायला बोलवते. आपल्या देवघराशेजारी जुनं कॅलेंडर होतं बघ, विठोबा आणि जनी समोरासमोर बसून दळतायत, ते चित्र मी लहानपणापासून बघत आले पण त्याचा अर्थ मला लग्नानंतर कळला. एका मोलकरणीनं सातशे वर्षांपूर्वी असं चित्र उभं केलं की घरातलं सगळ्यात जड काम करायला पुरुष, तो पण देव, तिच्यासमोर मांडी घालून बसलाय. आणि आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या, बाबासाहेबांवरच्या, त्या रेकॉर्ड झालेल्या आहेत माहितीय ना, 1996 साली झाल्या. महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्यात, पारी नावाच्या वेबसाईटवर ऐकायला मिळतात. शाळेत न गेलेल्या बायकांनी रचलेलं आहे ते. तुझ्या सिनेमात पार्श्वसंगीत म्हणून बासरी लिहिलीयस. बासरी काढ आणि त्या ऐक.

एक चित्र आणखी सांगते. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली, त्यात एकात आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडतायत. शेजारच्या पोरीचं पुस्तक मी एक दिवस अंगणवाडीत नेलं आणि माझ्या लेकरांना ते चित्र दाखवलं, चार-पाच वर्षांची लेकरं. एक जण लगेच म्हणाला, ह्यांची आई आजारी आहे का. मला त्या लेकराला काय उत्तर द्यावं कळेना, मी म्हणाले नाही रे, शेजारीच बसलीय की, ती पण निवडतेय. तो चित्राकडं बघतच राहिला. म्हणून मला चित्रांची एवढी काळजी आहे बाळा, चार वर्षाच्या पोराच्या डोक्यात घर कसं असतं ते ठरून गेलेलं असतं.

आणि आपल्या घरात तू काय बघितलंस? मी ट्रेनिंगला औरंगाबादला गेले होते पंधरा दिवस, तू पाचवीला होतास. तेव्हा पप्पा भाकरी करायचे, चांगल्या करायचे, कडेनं थोड्या जाड पण टम्म फुगलेल्या. तुला आठवत असेल. तुला हे पण आठवतंय का की परातीत पीठ घेतलं की आधी ते उठून पुढचं दार लोटून यायचे? मी परत आल्यावर दोन दिवस मी बघितलं, नंतर एकदा विचारलं, तर म्हणाले गल्लीत उगं चर्चा नको. काम करायची लाज नव्हती त्यांना, दिसायची लाज होती. ते लोटलेलं दार मी अजून कुठल्या सिनेमात बघितलेलं नाही. तुझ्या गोष्टीतला नवरा नुसता दारू पितो आणि मारतो. असे असतात, आपल्या नात्यात पण आहेत. पण आबा फडात लहान्याला खांद्यावर टाकून झोपवायचे आणि मुक्कामाच्या तळावर दुसरे कुणी पुरुष आले की पटकन आईकडं द्यायचे, तो माणूस पण लिही ना. गरीब पुरुषाला पण पुरुष दिसायचं ओझं असतंच.

ते गर्भपिशवी काढल्याचं तू एका सीनमध्ये घातलंयस, ते ठेव, पण असं नुसतं दवाखान्याची खाट दाखवून नको. 2019 ला सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आपल्या बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा गल्लीत टीव्हीवाले आले होते, बायांचे तोंड झाकलेले फोटो घेऊन गेले. मी जेवढं बघितलं त्यात बाईची वेदना होती पण खाड्याचा हिशोब नव्हता, की एक दिवस फडात गेली नाही तर पैसे कापतात, आणि पाळीला सुट्टी नसते, आणि तळावर आडोसा नसतो. वेदना दाखवली की बघणारा हळहळतो. हिशोब दाखवला की त्याला विचारावं लागतं पैसे कुणी कापले.

परवा रविवारी मी आजीला पण वाचून दाखवली, हे तुला सांगायचं राहिलं. ती खाटेवर बसून शेंगा फोडत होती, सगळं ऐकून घेतलं, मधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "उचल कुनाच्या हातात दिली म्हनलीस?" मी म्हणाले नवऱ्याच्या. "मंग ती बाई तितं काय करती?" मी म्हणाले दारात उभी आहे, डोळ्याला पदर लावून. तर म्हणाली, "असं कसं. एका वरसाला मुकादमानं तुझ्या बापाला दोन नोटा कमी दिल्या व्हत्या, तवापासून म्या न्हाई सोडलं. मला लिवता येत न्हाई पन नोट कळती. म्या म्हनायची, माझ्या म्होरं मोज."

माझ्या म्होरं मोज. बाळा, हे तुझ्या गोष्टीतलं तिचं वाक्य. दुसरं काही बदललं नाहीस तरी चालेल, एवढं तिच्या तोंडी घाल, आणि आजीच्याच बोलीत घाल, शुद्ध करू नको.

दिवाळीला येशील तेव्हा कॅमेरा घेऊन ये, आजी बोलणार आहे म्हणाली, पण फाटकं लुगडं नेसून उभी राहणार नाही म्हणाली, फोटो काढायचा तर हिरवं नेसीन. मी तिला तुझ्या आबांच्या शर्टाचं विचारलं, तो ती फडात घालायची तो. पेटीत तळाला आहे अजून. कॉलर उसवलीय आणि उजव्या बाहीला पाचटानं झालेल्या चिरा आहेत. तिनं काढून उन्हात टाकलाय, म्हणते कॉलर तेवढी शिवून ठेवते, बाही राहू दे तशीच.

तुझी मम्मी