कैसराचं कैसराला, पण पुढचं वाक्य कुठंय?

संपादक साहेब, स. न.

काल रविवारच्या पुरवणीत तुमच्या लेखकांनी लिहिलंय की ख्रिस्ती धर्मानं राजकारणाला दिलं काय, तर सत्तेपुढं मान तुकवायची शिकवण. पुरावा म्हणून बायबलातल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, ज्यात राज्यकर्त्यांच्या अधीन राहा असं सांगितलंय. रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच लिहायला बसलोय.

हाच अध्याय मी आणीबाणीत ऐकलाय, नववीत होतो. आमच्या चर्चच्या पाळकांनी उपासनेत तो वाचला आणि सरकारविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं असं सांगितलं. बाबा बाकावरून उठले न म्हणाले, पाळकसाहेब, प्रेषितांची कृत्ये ५:२९ पण वाचा की. बायबलातल्या या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र न्यायसभेपुढं उभा राहून सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. सगळं देऊळ गप्प. त्यानंतर पाळक आमच्याकडं यायचे बंद झाले, पुढच्या वर्षी आजी गेली तर तिच्या मातीलाही आले नाहीत, दुसऱ्या गावचे पाळक बोलवावे लागले. आईनं ते शेवटपर्यंत मनातून काढलं नाही, मीही नाही.

कैसराचं कैसराला द्या हे येशूचं वाक्यही लेखात अर्धंच आलंय, देवाचं देवाला हे गाळलंच. कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा का असं विचारल्यावर येशूनं आधी नाणं मागितलं आणि यावर चित्र कुणाचं ते विचारलं. बाबा सांगायचे, नाण्यावर कैसर आहे म्हणून नाणं त्याचं, पण बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलंय की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, मग माणूस कैसराचा कसा?

४१० मध्ये रोम लुटलं गेल्यावर ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन ग्रंथ लिहायला बसला, त्यात तो म्हणतो की न्याय नसेल तर राज्य म्हणजे दरोडेखोरांची मोठी टोळी. मार्टिन ल्यूथर किंगनी १९६३ ला बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते पाळकांनाच, आणि अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे हे ऑगस्टीनचंच म्हणणं त्यात सांगितलं. धर्मगुरूंनी राजांची तळी उचलली हे खरंय, मी नाकारत नाही, पण त्यांना उत्तरही त्याच बायबलातून मिळालंय हे एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं.

आणखी एक. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले तेव्हापासून इथं मिशन आहे, पण तुमच्या पेपरात आम्ही दिसतो ते २५ डिसेंबरला, केकच्या फोटोत. अशा विषयावर इथल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला विचारावं असं कुणाला वाटलं नाही याचं वाईट वाटलं.

मागच्या वेळी माझं पत्र अर्धं कापून छापलंत. या वेळी कापायचं झालं तर पेत्राचं वाक्य तेवढं राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, न्यू शाहूपुरी, कोल्हापूर