म्यावाडीचा रस्ता सीताबर्डीतून निघतो, मंत्रिमहोदय

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस
सप्रेम नमस्कार.

मार्च 2025 मध्ये थायलंडच्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेले 549 भारतीय परत आणलेत, त्याबद्दल आभार. पण आभार इथेच संपतात, कारण पुढे हाती आली ती जुनीच सूचना: 'बोगस नोकऱ्यांपासून सावध राहा.'

कसं राहायचं? टेलिग्रामवर जाहिरात येते: डेटा एंट्री, बँकॉक, राहणं-जेवण मोफत. मुलाखतीत इंग्रजी आणि टायपिंग, बस्स. तिकीट दलालच काढतो, पोरगा पर्यटक म्हणून उतरतो. गाडीने मे सोत, मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. तिथे पासपोर्ट जप्त, लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम सक्तीने, आणि सुटायचं तर 'खर्च' भरा.

आता तुमची चाळणी बघा. 1983 च्या उत्प्रवास कायद्याची परवानगी फक्त ईसीआर, म्हणजे मुख्यतः दहावी न झालेल्यांच्या, पासपोर्टवाल्याला लागते, तीही 18 देशांसाठी. म्यानमार, कंबोडिया, लाओस त्या यादीतच नाहीत. गवंडी सौदीला निघाला तर करार, विमा, एजंटची नोंदणी सगळं तपासता. बी.कॉम. झालेल्याला कुणी हटकत नाही. दहावी पास माणूस फसतच नाही, असं सरकारचं ठाम मत दिसतं!

मग आईबाप ठाण्यात जातात. 'घटना परदेशातली, आमची हद्द नाही.' अहो, भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये शोषणासाठी फसवून भरती करणं हाच मानवी तस्करीचा गुन्हा आहे, पीडिताची संमती गैरलागू आहे, आणि भरती नागपूरच्या सीताबर्डीत झाली आहे. तरी लागतं 318, फसवणुकीचं. त्यात जास्तीत जास्त 7 वर्षं, 143 मध्ये कमीत कमी 7. पोलिसांच्या तस्करीविरोधी कक्षाचं नावच 'अनैतिक मानवी वाहतूक'. देहविक्रीपलीकडची तस्करी त्यांना दिसणार कशी? शिवाय कलम 143 मधल्या शोषणाच्या व्याख्येत 'सक्तीची मजुरी' हे शब्द नाहीत. मानवी तस्करीविरोधातल्या संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये आहेत. त्यावर आपण 2002 मध्ये सही केली, 2011 मध्ये मंजुरी दिली, शब्द वाटेतच गळाले.

2018 चं मानवी तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर होऊन बारगळलं. 2021 च्या नव्या विधेयकाच्या मसुद्यावर हरकतींसाठी आम्हाला पंधरा दिवस दिले होते. सरकारला किती लागतात? तुम्ही म्हणाल, ते महिला व बालविकास खातं. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, वकिलात तुमची. दलालाचं बरं आहे, त्याचं एकच खातं, बँकेतलं.

संयुक्त राष्ट्रांनी 2023 मध्ये म्यानमारात किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं अशी अडकल्याचा अंदाज दिला. त्यात विदर्भातली पोरं किती, हे तुमच्याकडे लिहून तरी आहे का?

निदान एवढं करा. म्यानमार, कंबोडिया, लाओस या तीन देशांतल्या नोकरीचा करार वकिलातीकडून तपासल्याशिवाय कुणाला सोडू नका, पासपोर्ट कसलाही असो. राज्यांना लेखी कळवा की भरती जिथे झाली तिथेच 143 लावा. आणि तक्रारीच्या पहिल्याच दिवशी घरच्यांकडून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तिकिटाची पावती, दलालाचा यूपीआय आयडी ताब्यात घ्या. पोरगा परत येईपर्यंत टेलिग्रामवरचं ते खातं गायब झालेलं असतं.

आपले,
तस्करीविरोधी कामातले काही कार्यकर्ते, नागपूर